वाळूत ठेवलेले पाणी

फमाऊंच्या घरात मूल जन्मले की त्याच्या कानात आधी अजान पडते आणि मागोमाग पन्हळीचे पाणी, असे त्या घरची माणसे मोठ्या अभिमानाने सांगत. मशिदीची वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची, टाकी काठोकाठ भरली की जास्तीचे पाणी दगडी पन्हळीतून बाहेर पडे. ती पन्हळ वाहिली नाही असा एकही दिवस त्या घरच्या वृद्ध बी सलामांना आपल्या सबंध आयुष्यात आठवत नव्हता. त्यांच्या आजोबांनी लामू बेटावर, शेलाच्या वाळूच्या टेकड्यांत विहीर खणली आणि मशिदीला वक्फ केली, म्हणजे कायमची दान दिली. त्या काळी पाणी गाढवांच्या पाठीवरून येई. वडिलांच्या हयातीत नळ आला, पुढे पंप बसला. विहिरीचा कारभार घराण्यातल्या वडीलधाऱ्याने पाहावा असा दंडक होता, आणि दोघे भाऊ पाठोपाठ गेल्यावर तो बी सलामांकडे आला. बाईमाणसाच्या हाती कारभार कसा, असे विचारण्याची छाती लामूत कुणाला झाली नाही. ज्याला झाली असती, त्याला बी सलामांची नजर ठाऊक होती.

दान मोजायचे नाही आणि अडवायचे नाही, ही त्या घरची शिकवण. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, शहराच्या विहिरी आटू लागल्या, दगडी घरांच्या आळीला एक दिवसाआड पाणी येऊ लागले, आणि झापांच्या घरांच्या वरच्या आळीला जे येई ते मचूळ येऊ लागले, तेव्हा एखाद्या सामान्य घराने मूठ आवळली असती. बी सलामांनी मोठा पंप मागवला. दुष्काळात देणाऱ्याने हात आखडू नये! पन्हळीचा आवाज दुणावला. संध्याकाळी गच्चीवर बसून तो ऐकताना, आपण आजोबांच्या नावाला जागलो असे त्यांना वाटे, आणि त्या सुखाने तसबीहचे मणी ओढत असत.

पाणीखात्याची इंजिनिअर त्यांना भेटायला आली ती याच दिवसांत. मुथेऊ तिचे नाव. समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरची, कांबा लोकांच्या कोरड्या मुलखातली मुलगी. शहरातले पाणी कुणाला किती द्यावे याचा आराखडा करण्याचे काम तिच्याकडे होते. आल्या आल्या तिने वाकून "शिकामू, बी" म्हटले. "मरहबा" म्हणून बी सलामांनी वडीलकीने ते स्वीकारले आणि मनातल्या मनात तिच्या आईला शाबासकी दिली. कडू कॉफी आली, हलवा आला.

"बोल पोरी. शहरात पाण्याची वाटणी करतेस म्हणे. त्यात आमच्या विहिरीचं काय काम?"

"तीच तर अडचण आहे, बी. तुमची विहीर हिशेबात धरली तर सगळ्यांची वाटणी बसते. सोडली तर कुणाचीच बसत नाही."

"आमची विहीर शहराची नाही. अल्लाची आहे."

"विहीर अल्लाची, खरंय. पण वाळूखालचं पाणी एकच आहे." मुथेऊने कॉफीची वाटी खाली ठेवली. "टेकड्यांखाली गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दुधावर साय असते ना, तसं. एका कडेनं ओढत राहिलं की साय तिकडे सरकते आणि दुसरीकडे दूध उघडं पडतं. तुमचा पंप रात्रंदिवस ओढतोय. वरच्या आळीच्या विहिरीत आता खालचं खारं वर आलंय."

"तुझ्या गावाला समुद्र आहे?"

"नाही, बी. आमच्याकडे नदीलासुद्धा पाणी नसतं. नुसती वाळू. पाणी वाळूच्या पोटात. आजी हातानं खड्डा करायची, लागेल तेवढं घ्यायची आणि खड्डा बुजवून घरी यायची."

"बुजवून कशाला?"

"गुरं तुडवतील म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी आपल्यालाच लागणार म्हणून."

मुथेऊने धीर करून पुढचे सांगितले: "टाकीला बॉलकॉक बसवू. टाकी भरली की पाणी आपोआप थांबेल. वजूला थेंबभरही कमी पडणार नाही. फक्त पन्हळ बंद होईल."

"फक्त?" बी सलामांचा आवाज चढला नाही, पण स्वयंपाकघरातली भांड्यांची खळखळ थांबली. "पन्हळ वाहते म्हणून गोरगरिबांचे हंडे भरतात."

"कुणाचे, बी?"

"ज्याला लागेल त्याचे."

"तुम्ही पाहिलेत भरताना?"

"मी ऐकते," बी सलामा म्हणाल्या. मग हलव्याच्या बशीकडे बोट करून म्हणाल्या, "तेवढा संपव आणि मग ऊठ. या घरात उष्टं टाकत नाहीत."

शुक्रवारी तिमा आली. बी सलामांची ही एकुलती एक लेक. वरच्या आळीतल्या बुनू गाढववाल्याशी तिने लग्न केले तेव्हा पुष्कळ वर्षे मायलेकींचे बोलणे बंद होते. नातवंडे झाली, आणि ती आजीचे नाक घेऊन आली, तेव्हा कुठे दार उघडले. तेव्हापासून तिमा शुक्रवारी ताजी मासळी घेऊन येई. आज मासळी होती, पण तिमा बसली नाही.

"आई, मौलिदीचा उत्सव झाला की आम्ही निघतोय. पलीकडे, मोकोवेला. बुनूनं जागा बघितलीय."

"बेटावरची गाढवं तिकडे नेऊन काय करणार? मोटारींशी शर्यत लावणार?"

"चेष्टा नको. खारं पाणी पिऊन गाढवं झडलीत. धाकटीच्या अंगावर चट्टे उठलेत. भात शिजवला तर पोरं विचारतात, मीठ दोनदा टाकलंस का?"

"मग पन्हळीवरून पाणी न्या. माझ्या आजोबांनी विहीर खणली ती कुणासाठी?"

तिमा हसली. ते हसणे बी सलामांना मुळीच आवडले नाही.

"पन्हळीवर? पन्हळ कुठल्या दाराला आहे, आई? पुरुषांच्या. मी काळी बुईबुई पांघरून, हंडा घेऊन, मशिदीत जाणाऱ्या पुरुषांच्या वाटेत उभी राहू? शेजारच्या सादाची पोर गेली होती परवा. दारावरच्या शेकुवे काकांनी काठी आपटून हाकलली. आणि तूसुद्धा तेच केलं असतंस."

"केलंच असतं. तुमच्या आळीतले पुरुष काय झोपले आहेत?"

"पहाटे होडीवर जातात, संध्याकाळी येतात. आल्यावर नमाजाला जाताना हातात हंडा नेऊ म्हणतेस? दगडी आळीतले लोक बघून काय म्हणतील, ते तुला मी सांगायला हवं?"

बी सलामांनी मासळी उलटीपालटी करून पाहिली. मासळीत खोट नव्हती.

"पोरांना माझ्याकडे ठेव. घर केवढं आहे."

"आणि त्यांच्या बापाला?" तिमाने बुईबुई सावरली. निघताना उंबऱ्यावरून ती म्हणाली, "तू स्वतः ती पन्हळ कधी पाहिलीयस का गं, आई?"

त्या आठवड्यात हाच प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. आणि बी सलामांनी पन्हळ पाहिलेली नव्हती. फमाऊंच्या घरच्या बायका नमाज घरीच पढत. मशीद गच्चीवरून दिसे, ती पाठमोरी. मशिदीच्या पुढच्या दारातून जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. जाण्यायेण्यासाठी मागची गल्ली होती. लहानपणापासून त्यांनी पाण्याचा आवाज ऐकला होता आणि त्या आवाजाखाली स्वतःच्या मनाने हंडे ठेवले होते. हंड्यांना हात जोडले होते, हातांना चेहरे. कितीएक चेहरे तर त्यांना ओळखीचेही वाटत. मुलगी मोकोवेला निघाली होती ही गोष्ट खरी होती. हे चेहरे तितके खरे आहेत का, हे आता पाहायलाच हवे होते.

दुपारची नमाज झाली, आळी झोपली, तेव्हा त्यांनी बुईबुई पांघरली आणि काठी घेतली. सोबत येऊ पाहणाऱ्या मोलकरणीला दारातूनच परत पाठवले.

मशिदीपुढच्या ओट्यावर म्हातारा शेकुवे आडवा झाला होता. हा बी सलामांच्या दिवंगत यजमानांचा चुलतभाऊ, मशिदीच्या दाराचा स्वयंनियुक्त राखणदार. बाईमाणसाची चाहूल लागताच त्याने डोळे न उघडता काठी उचलली.

"कोण गं तू? हे पुरुषांचं दार आहे."

"डोळे उघडा, भावोजी. नाहीतर काठी कुणावर उगारलीत ते कळल्यावर मिटायची वेळ येईल."

शेकुवे धडपडून उठला, टोपी सारखी करू लागला. "बी! आपण? इथे? निरोप पाठवायचा होता, मीच आलो असतो."

बी सलामांचे तिकडे लक्ष नव्हते. पन्हळ देखणी होती, आजोबांच्या नावाला शोभेल अशी. प्रवाळी दगडाची, काठावर वेलबुट्टी कोरलेली. तिच्यातून मनगटाएवढी जाड धार पडत होती. खाली ओंजळीच्या आकाराचा दगड होता. त्या दगडातून पाणी चरात, चरातून उताराने गल्लीच्या कडेकडेने, हिरव्या शेवाळावरून, धक्क्याकडे. बी सलामा चराच्या सोबतीने चालत गेल्या. शेकुवे मागोमाग. जिथे चर संपत होता तिथे दोन मांजरे बसली होती. एक पाणी पीत होते, दुसरे मासळीवाल्यांची वाट पाहत होते. तिथून पाणी समुद्रात पडत होते. भरती होती; पडल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"हे कोण घेतं, भावोजी?"

"कुणी कशाला घेईल? आळीत घरोघर टाक्या आहेत. मांजरं पितात. गाढवं आली तर मी हाकलतो, शेण करतात." शेकुवेचा चेहरा उजळला. "पण आवाज काय गोड येतो, बी! पाते बेटाचे पाहुणे गेल्या मौलिदीला म्हणत होते, एवढ्या दुष्काळात असं पाणी सोडायला काळीज लागतं. फमाऊंचं काळीज!"

बी सलामा पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यावर ऊन होते आणि शेकुवेला त्यांना सावलीत या म्हणण्याचा धीर होत नव्हता. शेवटी त्या वळल्या आणि आल्या वाटेने न जाता भर रस्त्याने घरी गेल्या.

पाणीसमितीची बैठक मदरशाच्या ओसरीवर भरली. बी सलामा येणार म्हणून एक खुर्ची आणली होती. ती त्यांनी मुथेऊला दिली आणि स्वतः चटईवर भिंतीला टेकून बसल्या, त्यामुळे खुर्चीवर बसलेली मुथेऊ सबंध वेळ अवघडून गेली. पलीकडे बुनू होता, वरच्या आळीतर्फे. सासूसमोर त्याने पाय पोटाशी घेतले होते. समुद्रकाठच्या हॉटेलांचा एक माणूस होता, स्वच्छ शर्टातला. मशिदीचे इमाम शरीफ बादी मध्यभागी होते. शेकुवेला कुणी बोलावले नव्हते, पण तो होता.

पन्हळ बंद करायला बी सलामांची तयारी आहे, तसा त्यांचा निरोप आला आहे, असे मुथेऊने सांगितले. सगळे एकदम बोलू लागले.

हॉटेलांचा माणूस आर्जवाने म्हणाला, "बी, वाया जाणारं पाणीच मागतोय आम्ही. पाहुणे येतात म्हणून शहराच्या चुली पेटतात."

"तुमचे पाहुणे दिवसातून किती वेळा अंघोळ करतात?"

"उन्हाचा त्रास होतो त्यांना."

"आणि ऊन खायलाच येतात ना ते?"

हशा पिकला. त्या हशाचा आधार घेऊन बुनूने घसा साफ केला. "सगळं पाणी वरच्या आळीला मिळावं. आमचं पाणी खारं झालंय ते या पंपामुळेच. न्यायानं ते आमचंच आहे."

"तसं केलं तर तीन-चार वर्षांत हीही विहीर खारी होईल," मुथेऊ म्हणाली. "उपसा तो उपसाच, बुनूभाऊ. पिणारा कोण आहे हे पाणी विचारत नाही. पन्हळीतून जातंय त्यातलं निम्मं वरच्या आळीला देता येईल. उरलेलं निम्मं उपसायचंच नाही."

"म्हणजे निम्मं वाळूला?" बुनू उसळला. "माझी पोरं खारं पितात आणि वाळूला गोडं? वाळूला तहान लागते का, बाई?"

वरच्या आळीतल्या लोकांनी माना डोलावल्या. हॉटेलांच्या माणसानेही डोलावली. निम्मे शिल्लक राहते आहे हे ऐकून त्याची आशा परत जागी झाली होती. मुथेऊने साय आणि दूध पुन्हा सांगायला घेतले, पण कुणी ऐकेना. तेव्हा बी सलामांनी काठी एकदा जमिनीवर टेकवली.

"बुनू."

लग्नानंतर सासूने त्याला नावाने हाक मारल्याची ही पहिली वेळ. तो आपोआप सरळ बसला.

"तुझ्या आईच्या घरी पाण्याची टाकी होती?"

"होती, बी. लहानशी."

"टाकीत डास होऊ नयेत म्हणून मासे सोडले होते?"

"सोडतातच की."

"मग टाकी धुवायला रिकामी करायची तेव्हा मासे कुठे जायचे?"

बुनू बुचकळ्यात पडला. "कुठे म्हणजे? तळाला वाटी असते ना बसवलेली. चिनी मातीची. तिच्यात राहतात."

"त्या वाटीतलं पाणी तुझी आई उपसायची का? घरात पाहुणे आले, तान्हं तहानेनं रडलं, तरी?"

"नाही."

"का नाही?"

"मासे मेले तर..." बुनू थांबला. मग हळू म्हणाला, "तर पुढचं सगळं पाणी नासेल."

"इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी तशी वाटी आहे. शहरात पाणी असो नसो, ती कुणी उपसत नाही. तिच्यातलं पाणी कुणाचं, म्हणून कुणी भांडतही नाही. ते कुणाचंच नसतं म्हणून तर टाकी सगळ्यांची राहते." त्यांनी ओसरीवरून नजर फिरवली. "या पोरीनं आपल्याला त्या वाळूतली वाटी दाखवलीय. मी तिला हलवा दिला आणि वाटेला लावलं. आता ऐका. मोठा पंप परत जाईल. टाकीला बॉलकॉक बसेल. निम्मं वरच्या आळीला. निम्म्याला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही, आणि तुमचे ऊन खाणारे पाहुणेसुद्धा नाहीत."

"पण वक्फ, बी!" शेकुवे जवळजवळ रडवेला झाला होता. "आजोबांच्या शब्दाचं काय?"

सगळ्यांनी शरीफ बादींकडे पाहिले. इमामांनी दाढीवरून हात फिरवला. "पाणी वजूसाठी दिलं होतं. वजूला मिळतंय. समुद्रानं वजू करावी असं कुणीच सांगितलेलं नाही."

"निदान मौलिदी होईपर्यंत तरी! पात्याचे पाहुणे येतील, पन्हळ कोरडी बघतील. काय सांगू मी त्यांना?"

"सांगा, फमाऊंनी वाळूत ठेवलंय."

"कोण मानेल, बी?"

"नाही मानणार," बी सलामा म्हणाल्या. "मलाही तेच वाटतं." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा ओलसर झाला. पण तो लगेच पूर्वपदावर आला. "आणखी एक. वरच्या आळीचा नळ पुरुषांच्या दाराशी बसवायचा नाही. मशिदीच्या मागे, माझ्या घराच्या भिंतीला बसवा. तिथे बायकांना उभं राहता येईल. माझ्या भिंतीशी उभ्या असलेल्या बाईवर कुणाला काठी उगारायची असेल, तर त्यानं आधी मला कळवावं."

शेकुवेने मान खाली घातली.

पाण्याची चावी बंद करायला माणूस पाठवते, असे मुथेऊ म्हणाली. बी सलामांनी नकार दिला. आजोबांनी सुरू केलेले पाणी परक्याच्या हाताने थांबायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजाआधी त्या स्वतः गेल्या. चावी जुनी होती, गंजलेली. बुनूला पुढे व्हावेसे वाटत होते, पण त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. दोन्ही हातांनी, दम खात खात, त्यांनी ती फिरवली. धार मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंबथेंब. आळीतली दोन-तीन दारे उघडली. मशिदीशेजारच्या घरातून कुणीतरी घाबऱ्या आवाजात विचारले, "कोण गेलं?" अजान झाली, पुरुष आत गेले. टाकी भरलेली होती. शेकुवे मात्र सबंध मौलिदीभर बी सलामांशी बोलला नाही, आणि पात्याचे पाहुणे, जसे वाटले होते तसे, एकमेकांकडे बघून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा बी सलामांना फार त्रास झाला. तो त्यांनी कुणालाही दिसू दिला नाही.

मौलिदीचे मांडव उतरले त्या दिवशी तिमा आली. बी सलामांनी तिच्या हातातल्या बोचक्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली.

"कधीची होडी?"

"बुनू सकाळीच गेला. चार गाढवं घेऊन, बाकीची इथेच आहेत. तिकडे काम लागलंय त्याला." तिमा मटकन चटईवर बसली. "मी आणि पोरं एक पावसाळा थांबतोय. आळीची विहीर गोड व्हायला दोन-तीन पावसाळे लागतील म्हणते ती इंजिनिअर. पण प्यायला नळ आहे. थांबून बघू म्हटलं."

"इथे राहायला आलीस?" बी सलामांनी बोचक्याकडे बोट केले.

"हे? हे धुणं आहे. नळाशी आलेच होते. आई, तिथे मारामारी व्हायची वेळ आलीय. प्रत्येकीला पहिला नंबर हवा. काल सादानं दुसरीचा हंडा उचलून गल्लीत भिरकावला. बायकांनी मला उभं केलंय पाळ्या लावायला. म्हणाल्या, तुझी जीभ आईवर गेलीय."

"मग काय ठरवलंस?"

"आधी आजारी आणि बाळंतिणी. मग लहान पोरं असलेल्या. मग बाकीच्या. गाढवं सगळ्यात शेवटी."

"तुझी गाढवं?"

"माझी त्याच्याही शेवटी. नाहीतर ऐकतील का त्या?"

बी सलामांनी मान हलवली. नातवंडांचे नाक त्यांच्यावर गेले आहे असे सगळे म्हणत. लेकीचे काय काय आपल्यावर गेले आहे, हे त्या आज नव्याने पाहत होत्या. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली नळाच्या पेटीची किल्ली सोडवली आणि लेकीपुढे धरली.

"ठरलेलं पाणी संपलं की चावी बंद करायची आणि पेटीला कुलूप घालायचं. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, तुझ्या नवऱ्यानं पलीकडून निरोप पाठवला, तरी उघडायची नाही."

"आणि तू म्हणालीस तर?"

बी सलामांनी किल्ली तिच्या मुठीत दाबली.

"मी म्हणाले," त्या म्हणाल्या, "तर मुळीच नाही."